आपला पेहराव : काळ्या दोऱ्यापासून निळ्या कोटापर्यंत

कॉलेजात 'ट्रॅडिशनल डे' जाहीर झाला की नऊवारी, नथ, फेटा, धोतर यांची शोधाशोध सुरू होते. रेडिमेड नऊवारी भाड्याने मिळते, फेटा बांधून देणारेही मिळतात. अशा वेळी आपल्या मुलामुलींसमोर एक साधा प्रश्न येतो. आपला पारंपरिक पोशाख कोणता? आजीची आजी काय नेसत होती? तिने ते आवडीने नेसले होते, की तिला तेवढेच नेसायची मुभा होती?

हा प्रश्न कपाटातल्या कपड्यांपुरता नाही. या देशात कपडा हे जातीचे ओळखपत्र होते. त्यामुळे 'पारंपरिक पोशाख हळूहळू बदलून आधुनिक फॅशन आली' हे पुस्तकी वाक्य आपल्या समाजाला जसेच्या तसे लागू पडत नाही. आपल्याकडे कपडा आपोआप बदलला नाही, तो चळवळीने बदलला. नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळणाऱ्या रस्त्यावर आज जीन्स घातलेली मुलगी स्कूटी चालवत जाताना दिसते. तिच्यामागे शंभर वर्षांचा झगडा आहे. तो तरुण कार्यकर्त्यांच्या हाताशी असावा म्हणून आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

कपड्यावर लिहिलेली जात

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे भाषण छापले. त्यात पेशवाईच्या काळातील निर्बंध नोंदवले आहेत. अस्पृश्याने ओळखू येण्यासाठी मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. भाषणात या गोष्टी अनेकदा सांगितल्या जातात, पण त्या कुठे नोंदवल्या आहेत हे सांगितले जात नाही. कार्यकर्त्याने संदर्भ लक्षात ठेवावा.

त्याच पुस्तकात इंदूर भागातील बलाई समाजाचे उदाहरण आहे. १९२८ च्या सुमारास तेथील सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नियम मोडले तर गाव सोडायचे. हे नीट वाचले तर एक गोष्ट दिसते. बलाईंकडे जरीचे पागोटे घ्यायला पैसे नव्हते, म्हणून हा नियम नव्हता. पैसे आले होते, म्हणूनच नियमाची गरज भासली.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्यासाठी दशकानुदशके लढावे लागले. शेवटी १८५९ साली संस्थानाने परवानगी दिली, तीही अटीसह. अंग झाका, पण उच्च जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नका. म्हणजे शरीर झाकायला हरकत नव्हती, बरोबरीची दिसायला हरकत होती. आपल्या विषयाचे सगळे सार या एका अटीत आहे.

कोकणात अंगावर काय होते

आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. पाऊस भरपूर, जमीन खडकाळ, भातशेती आणि खोतांचा वरचष्मा. कष्टकरी पुरुषाच्या अंगावर लंगोटी किंवा गुडघ्यापर्यंतचा पंचा, थंडीपावसाला घोंगडी, जमलेच तर कोपरी किंवा बंडी. बाईच्या अंगावर जाडेभरडे लुगडे, चिखलात लावणीसाठी वर खोचलेले. डोक्यावर पावसात बांबू आणि पानांचे इरले. बांबूचे विणकाम कोकणात आपल्याच समाजाच्या हातात होते. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' या आत्मकथनाचे नाव याच बांबूच्या वस्तूंवरून आले आहे. गावाला पावसातून वाचवणारे सामान ज्यांनी विणले, त्यांच्याच अंगावर धड कपडा नव्हता.

हा पोशाख काही प्रमाणात सगळ्याच कष्टकऱ्यांचा होता. कुणबी, गाबीत, भंडारी यांच्याही बायका लुगडे वर खोचूनच काम करत. फरक होता तो कापड कुठून येते यात. महारकीच्या हक्कांमध्ये प्रेतावरचे कापड हा एक 'हक्क' होता. गावात कुणी मेले की तिरडीवरचे वस्त्र महाराला मिळे. जुने, फाटके, उतरलेले कपडे बलुत्यासारखे येत. नवे कापड दुकानातून विकत घेऊन नेसणे ही चैन नव्हती, ती गावाच्या डोळ्यांवर येणारी गोष्ट होती.

पहिला बरोबरीचा कपडा : गणवेश

दापोली, महाड, मंडणगड या पट्ट्यातील अनेक महार कुटुंबे ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिशांच्या मुंबई सैन्यात होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच परंपरेतले. त्यांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे. सैन्यात मिळालेला गणवेश हा या समाजाच्या अंगावर आलेला पहिला असा कपडा, जो जातीवरून ठरत नव्हता, हुद्द्यावरून ठरत होता. पेन्शन घेऊन गावी परतलेला हवालदार पलटणीचा कोट घालून वाडीत बसला, की वाडीतल्या पोरांना दुसरे जग दिसत असे.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची सैन्यभरती बंद झाली. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. या मागणीत रोजगार तर होताच, पण त्या गणवेशाबरोबर गेलेली प्रतिष्ठाही होती.

कापड गिरणी : जिथे कापड विणायलाही बंदी होती

कोकणाला कपडा मुंबईने दिला. गिरणगावातील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यांत आपलेही लोक हजारोंनी होते. पण गिरणीतही जात पोहोचलीच. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, मग तो विटाळेल. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना खुले करण्याची मागणी केली.

तरी मुंबईने दोन गोष्टी दिल्या. रोख पगार आणि अनोळखी गर्दी. रोख पगारामुळे कापड विकत घेता आले. गर्दीत कोणी जात विचारल्याशिवाय सदरा, टोपी, पुढे पँट घालता आली. चाकरमानी गावी येताना ट्रंकेत नवे लुगडे, पोरांना चड्डी-सदरे आणू लागला. वाडीतला कपडा बदलण्याची सुरुवात या ट्रंकेतून झाली. पण मुंबईत घातलेली पँट गावच्या वेशीत घालणे ही वेगळी हिंमत होती. त्या हिमतीला शब्द मिळाले ते महाडला.

महाड, डिसेंबर १९२७

मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायलो आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. त्याच डिसेंबरच्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी केलेले भाषण मात्र कमी वाचले जाते. ते भाषण मोठ्या प्रमाणात कपड्यांविषयी आहे.

त्याचा आशय थोडक्यात असा. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती पुसून टाका. स्पृश्य स्त्रिया नेसतात तसे घोट्यापर्यंत लुगडे नेसा. गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाचे, चांदीचे गोट हीदेखील ओळखण्याची खूण आहे, ती उतरवा. दागिना घालायचाच तर एखादा चांगला घाला, नाहीतर घालू नका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या.

स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. परिषदेतील सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी नव्या पद्धतीने लुगडे कसे नेसायचे ते त्यांना दाखवले. दुसऱ्या दिवशी निरोप द्यायला आलेल्या स्त्रियांचे नेसणे बदललेले होते, अशी नोंद आहे. मिरवणूक नाही, घोषणा नाही. निऱ्यांची लांबी वाढली आणि एक व्यवस्था मोडली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी आहेत. तो प्रत्येक शाखेच्या वाचनालयात असायला हवा.

काही अभ्यासक विचारतात की हे वरच्या जातींचे अनुकरण नव्हते का. आम्हाला तसे वाटत नाही. अनुकरण करणारा वरच्याचे मोठेपण मान्य करतो. महाडच्या स्त्रियांनी दोन दिवस आधी त्या मोठेपणाचा ग्रंथच जळताना पाहिला होता. त्यांनी सवर्ण स्त्रीचे लुगडे घेतले ते तिच्यासारखे होण्यासाठी नव्हे. कपड्यावरून जात ओळखण्याची सोय बंद करण्यासाठी घेतले. सगळ्यांच्या अंगावर सारखा कपडा आला की खूण उरत नाही. त्रावणकोरच्या संस्थानाला याच गोष्टीची भीती होती.

पुढे १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत निघाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोकणच्या दौऱ्यात कणकवलीलाही परिषद झाली. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी पुन्हा स्वच्छता, मुलींचे शिक्षण आणि लग्नाची घाई न करणे यांवर भर दिला. मृत जनावरे ओढणे, उष्टी भाकरी मागणे सोडा, ही हाक वाड्यावाड्यांत पोहोचली. महारकीची कामे सुटली, तसे प्रेतावरचे कापडही सुटले. १९५८ च्या कायद्याने वतन संपले, पण कपड्यापुरते ते लोकांनी आधीच संपवले होते.

बाबासाहेबांचा कोट आणि निळा रंग

गोलमेज परिषदेच्या काळात दोन पोशाख जगासमोर होते. गांधीजींचा पंचा आणि बाबासाहेबांचा सूट. बॅरिस्टर गांधींनी सूट उतरवला आणि त्यांना महात्मा म्हटले गेले. ज्यांच्या पिढ्या पंचावर गेल्या, त्यांच्या प्रतिनिधीने सूट घातला तर त्याला 'साहेबी' म्हणून हिणवले गेले. कपडा टाकून देण्याचा मोठेपणा ज्याच्याकडे कपडा आहे त्यालाच परवडतो. ज्याला कपडा नाकारला गेला, त्याच्यासाठी नीट शिवलेला कोट हाच जाहीरनामा असतो.

आज गावोगावच्या पुतळ्यांवरचा कोट निळा असतो. बाबासाहेब फक्त निळाच सूट घालत असे नव्हे. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. तेथून हा रंग चळवळीचा झाला आणि रंगाऱ्यांच्या हातून पुतळ्यांच्या कोटावर आला. १४ एप्रिलला निळी साडी, निळा कुर्ता, निळा फेटा ही प्रथा या अर्थाने जनतेने घडवलेली आहे.

पांढरा रंग : गिही ओदातवसन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले. लाखोंचा समुदाय शुभ्र वस्त्रांत होता. हा रंग कुठून आला? पाली ग्रंथांत उपासकांसाठी 'गिही ओदातवसन' असा शब्द येतो, म्हणजे शुभ्र वस्त्र परिधान करणारा गृहस्थ. भिक्खूंचे चीवर रंगवलेले, उपासकांचे वस्त्र पांढरे.

आपल्या आजूबाजूच्या समाजात पांढरी साडी वैधव्याची समजली जाई. अशा वातावरणात नवरीला पांढरी साडी नेसवून बुद्धमूर्तीसमोर उभे करणे हे मोठे धाडस होते. कोकणातील वाड्यांत हा बदल मुख्यतः मुंबईतील ग्रामीण मंडळे, बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा आणि भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य यांच्यामार्फत आला. आज हळद-बाशिंगाशिवायचे लग्न आपल्याला साधे वाटते. पहिल्या पिढीला त्यासाठी नातेवाइकांची नाराजी सोसावी लागली.

चीवरसुद्धा बदलले

'धम्मात साधेपणा सांगितला आहे, मग फॅशन कशाला?' असा प्रश्न काही ज्येष्ठ करतात. त्याचे उत्तर विनयातच आहे. सुरुवातीला भिक्खू पांसुकूल चीवर वापरत, म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या शिवून केलेले. वैद्य जीवकाने आपल्याला मिळालेले उंची सिवेय्यक वस्त्र बुद्धांना अर्पण केले आणि भिक्खूंना गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेऊ द्यावे अशी विनंती केली. बुद्धांनी ती मान्य केली. ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थांचे वस्त्र घ्यावे, असे सांगितले. चीवराच्या तुकड्यांची रचना मगधातील भातखाचरे आणि त्यांचे बांध पाहून ठरली आणि आनंदांनी ती शिवून दाखवली. कोकणातल्या माणसाला मेरांनी आखलेली ती खाचरे वेगळी समजावून सांगायला नकोत. पुढे धम्म जिकडे गेला तिकडे चीवराने तेथील हवामान आणि रंग घेतले. तिबेटी परंपरेत ते गडद तांबडे आहे, कोरियात करडे, जपानात अनेकदा काळे.

येथे एक गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. स्मशानातले कापड भिक्खूही वापरत होता आणि महारही. भिक्खूने ते स्वतः निवडले, म्हणून ते वैराग्य ठरले. महारावर ते लादले, म्हणून ती गुलामी ठरली. कापड तेच. निवड कोणाची, यावर त्याचा अर्थ ठरतो. पोशाखाबद्दलच्या आजच्या सगळ्या वादांत हा निकष पुरतो.

लुगड्यापासून जीन्सपर्यंत

पुढचा प्रवास बराचसा इतर महाराष्ट्रासारखाच आहे. नऊवारी लुगडे मागे पडून पाचवारी-सहावारी गोल साडी आली. ही गोल साडीसुद्धा 'अनादी' नाही. एकोणिसाव्या शतकात ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी मुंबई इलाख्यात राहत असताना पारशी स्त्रियांचे नेसणे पाहून साडी-ब्लाउज-परकराची जी पद्धत रुळवली, तिचाही आजच्या नेसण्यात वाटा आहे. मग टेरिलीन, टेरिकॉट आले. दलित पँथरच्या काळात, म्हणजे १९७२ नंतर, शहरातला तरुण बेलबॉटम घालून सभेला जाऊ लागला. मुली परकर-पोलक्यातून पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. इरल्याची जागा प्लॅस्टिकने आणि रेनकोटने घेतली. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक चाकरमानी गावी परतले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईची फॅशन एका रात्रीत नांदगाव रोड स्थानकावर उतरू लागली. आता तर ती मोबाईलवर येते आणि कुरिअरने घरपोच होते.

पण हा प्रवास सगळीकडे संपलेला नाही. २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाल्याची बातमी आपण वाचली. इंदूरच्या बलाईंवरचे नियम आणि ही मारहाण यांत जवळपास शंभर वर्षांचे अंतर आहे. कारण मात्र तेच आहे.

आजचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न स्त्रियांचा. आपल्या चळवळीत पुरुषाने पँट-कोट कधीच स्वीकारला, त्याला कोणी 'परंपरा सोडली' म्हटले नाही. मुलगी जीन्स घालून विहारात आली की मात्र ज्येष्ठांच्या कपाळावर आठी येते. ज्या समाजाने बाईच्या नेसण्यातला बदल क्रांती म्हणून पाहिला, त्याने तिच्या पुढच्या बदलावर पहारा बसवू नये. विहारात शांतता आणि आदर पाळावा, ही अपेक्षा मुलामुलींना सारखीच असावी.

दुसरा प्रश्न खर्चाचा. लग्नात शुभ्र साडीची जागा महागडा लेहंगा आणि शेरवानी घेत आहेत, प्री-वेडिंग फोटोसाठी वेगळे जोड शिवले जात आहेत. आवडीला आमची हरकत नाही, कर्जाला आहे. महाडच्या भाषणात दागिने उतरवण्याचा सल्ला होता, तो याही कारणाने आठवावा. मुलीच्या शिक्षणाचे पैसे एका दिवसाच्या कपड्यात जात असतील तर ती फॅशन आपली नव्हे.

तिसरा प्रश्न 'ट्रॅडिशनल डे'चा. आवडत असेल तर नऊवारी नेसा, फेटा बांधा. आता तो कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही. पण कोणी 'तुमचा पारंपरिक पोशाख कोणता?' असे विचारले तर गोंधळू नका. शुभ्र साडी, शुभ्र कुर्ता ही आपली परंपरा आहे. नीट शिवलेला कोट ही आपली परंपरा आहे. पलटणीचा गणवेशसुद्धा. वयाने त्या लहान असतील, पण आपण निवडलेल्या आहेत.

नोंद आपणच करायची

महाडच्या पिढीतले आता कोणी उरलेले नाही. पण १९५६ पाहिलेले, नवरी म्हणून पहिल्यांदा पांढरी साडी नेसलेले, पहिल्यांदा पँट घालून गावात आलेले काही आजी-आजोबा अजून आपल्या वाड्यांत आहेत. शाखांनी आणि महिला मंडळांनी एवढे काम हाती घ्यावे :

- घरातले जुने फोटो गोळा करून मोबाईलवर उतरवावेत. मागे वर्ष, गाव, प्रसंग लिहून ठेवावा.
- ज्येष्ठांना विचारावे : पहिले नवे कापड कोणी आणले, कुठून आणले? उतरलेले कपडे घेणे घरात कधी बंद झाले? पांढऱ्या साडीला घरातून विरोध झाला का?
- जुने लुगडे, कोपरी, पलटणीचा बिल्ला, गोट, इरले यांपैकी काही घरात असेल तर फेकू नये, विहारात एका पेटीत जपावे.
- आठवण सांगणाऱ्याच्याच शब्दांत, मालवणीत असेल तर मालवणीत, लिहावी. नाव छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

यातली एक जरी आठवण प्रत्येक वाडीतून आली तरी कोकणातील बौद्धांच्या पेहरावाचा इतिहास उभा राहील. तो संग्रहालयात कुणी लिहून ठेवलेला नाही. तो आजीच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला आहे आणि ती ट्रंक उघडायला आपल्यालाच जायचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.